मी पाह्यलं, आता तू पाह्य

काकाजी कुठेही गेले की बसायच्या आधी वर पाहायचे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, कोणाकडे चहाला, कुठेही. डोक्यावर काय आहे, ते कशाला टांगलंय आणि सुटलं तर कुठे पडेल, एवढं मनाशी ठरलं की खुर्ची थोडी सरकवायची आणि मग टेकायचं. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले तेव्हा आधी झुंबराकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याला दंडाला धरून डावीकडे सरकवलं आणि त्यानंतर डोक्यावर हात ठेवला. फोटोत नवरा अर्धाच आला आहे. सासूबाई अजून विचारतात, "कोन होता वं तो बुढा?"

काकाजी माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथे ते टेस्टिंगचे प्रमुख होते. नाव सांगत नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना खपायचं नाही. हेल्पर असो की मालक, सगळे त्यांना काकाजीच म्हणायचे. मी वायरिंग आणि कंट्रोलची इंजिनिअर, वयाने त्यांच्या मुलीएवढी. दोघं नागपूरच्या नंदनवनातून कंपनीच्या एकाच बसने जायचो आणि सरळ सांगते, सुरुवातीला मी त्यांच्यापासून दूर बसायचे. रागीट होते म्हणून नाही. रागीट माणसं मी घरीच पुष्कळ पाहिली होती. काकाजी घाबरट होते, आणि त्यांच्याजवळ बसलं की आपल्यालाही भीती वाटायला लागायची. सर्दी लागते तशी लागायची ती.

लिफ्टमध्ये ते चढायचे नाहीत. मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी त्यांची मिसेस वर निघून जायची आणि हे साध्या जिन्याने धापा टाकत पोचायचे. नागपुरात मेट्रो आली तेव्हा सगळी बस मेट्रोचं कौतुक करत होती. काकाजी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "जे आपोआप बंद होते, ते आपोआप थांबीन असं कोनी सांगतलं तुमाले?" बसमध्ये हशा पिकला. मीही हसले. पण त्यानंतर मेट्रोचं दार बंद होताना माझी ओढणी मी आपोआप आवरून घ्यायला लागले, ती आजतागायत.

आमच्या कारखान्यात काय बनतं ते माझ्या आईला मी कितीदा सांगितलं, तिला पटतच नाही की याचा पगार मिळतो. डोंगरावर मोठमोठ्या दुर्बिणी असतात. त्यांचा आरसा एखाद्या खोलीएवढा. तो ताऱ्यावर नीट रोखायचा आणि थंडीवाऱ्याने जरा कलला की सरळ करायचा, तर ते हाताने होत नाही. आरशाखाली विजेवर चालणारे पाय लागतात. एक मोटर, तिने फिरणारा लांब स्क्रू आणि स्क्रू फिरला की लांब-आखूड होणारा दांडा. कागदोपत्री त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, शेडमध्ये पायच म्हणतात. ट्रकभर वजन उचलायचं, केसाच्या जाडीहून कमी अंतर सरकवायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, हे त्या पायाचं काम. असे सहा पाय, त्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर आरशाच्या वजनाचं लोखंड, कारण चाचणीला खरी काच आम्हाला कोण देणार बाप्पा, असा एक अख्खा सांगाडा शेडच्या मधोमध उभा होता. सहा पायांचा म्हणून पोट्टे त्याला मुंगळा म्हणायचे.

मुंगळ्याची भीती वाटायची ती वेगळ्याच कारणाने. तो हलताना दिसायचा नाही. मोठी मशीन हलते तेव्हा घरघर होते, फरशी हादरते, माणूस आपसूक बाजूला होतो. हा हलायचा फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या आकड्यांत. तुम्ही त्याच्या पोटाखाली उताणे पडून वायर जोडत असता, नाकाच्या हातभर वर ट्रकभर लोखंड असतं, ते हलत असतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. पहिल्यांदा खालून बाहेर आले तेव्हा काकाजी वाट पाहतच उभे होते. म्हणाले, "डोळ्याच्या भरवशावर नको राहू वं. पोटाले आधी समजते. पोटात गोळा आला का बाहेर निंघ, मंग मालक काही म्हनो." आणि मग त्यांचं ते नेहमीचं: "वजन झोपत नसते. मानूस झोपते."

आमच्या जुन्या पायांत साध्या आट्याचा स्क्रू असायचा. वीज गेली तर जिथे आहे तिथे गच्च. गाडीचा जॅक असतो ना, हात काढला तरी गाडी खाली येत नाही, तसं. पण तो घासतो फार आणि नेमका थांबत नाही. म्हणून मुंगळ्याला बारीक पोलादी गोळ्यांवर फिरणारा नवा स्क्रू बसवला, बोटाने फिरेल इतका हलका. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. बोटाने फिरतो तसा तो वजनानेही उलटा फिरतो. वीज आहे तोवर मोटर धरते, वीज गेली की ब्रेक धरतो. ब्रेकला एक छोटा दांडा असतो. वीज बंद असताना हाताने पाय वर-खाली करायचा तर तो दांडा वर करून ब्रेक उघडायचा, काम झालं की दांडा पाडायचा. तो उघडा राहिला आणि वीज गेली, तर मग त्या पायाला धरणारं कोणी नाही. ज्यांची अर्धी जिंदगी साध्या आट्यावर गेली त्यांच्या डोक्याला हे कळायचं, हाताला कळायचं नाही. काकाजींचीही त्यातच गेली होती.

म्हणून ठोकळे. मुंगळ्याखाली माणूस जाणार असेल तर चौकटीच्या तीन कोपऱ्यांखाली बाभळीचे तीन ठोकळे उभे झालेच पाहिजेत, हा काकाजींचा कायदा. कोणत्याही पुस्तकात नव्हता. ठोकळे ते स्वतः लाकूड कापायच्या आरामशिनीवर जाऊन कापून आणायचे आणि त्यांची उंची ठरायची आमच्या सुखदेववरून. सुखदेव फिटर, सावजीच्या रश्श्यावर पोसलेलं पोट. काकाजी त्याला फरशीवर उताणा झोपवायचे.

"श्वास घे गा. पुरा घे."

सुखदेवचं पोट वर आलं की त्यावर पट्टी आडवी धरायची, चार बोटं वर सोडायची आणि ती ठोकळ्याची उंची. "हा मावला तं सारे मावतीन," असं म्हणायचे. दिवाळी झाली की पुन्हा माप, कारण फराळ. सुखदेव पडल्या पडल्या ओरडायचा, "काकाजी, जिवंतपनी माप घेऊन राहिले तुमी माह्यं." शेडमध्ये हसून हसून पुरेवाट व्हायची. काकाजी हसायचे नाहीत. ते पट्टीकडे पाहत असायचे.

त्यांची अजून एक सवय होती आणि तिच्यावरून निम्मी शेड त्यांच्यावर खार खाऊन असायची. कोणतंही काम स्वतः तपासलं की ते शेजारच्याला बोलवायचे. "मी पाह्यलं. आता तू पाह्य." ब्रेकचा दांडा, मेन स्विच, ठोकळा नीट टेकला की नाही, काहीही असो. माणूस म्हणायचा, काकाजी, तुम्ही पाहिलं ना, मग झालं की. ते हलायचेच नाहीत. लोकांना वाटायचं, हा म्हातारा आपली परीक्षा घेतो. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी मुद्दाम डोळ्यांत तेल घालून पाहायचे, एकदा तरी त्यांची चूक पकडू म्हणून. मी पाहत असताना काकाजी बाजूला उभे राहून उजवा हात पँटला पुसत राहायचे. हात स्वच्छ असायचा, तरी. मी "बरोबर हाये काकाजी" म्हटलं की एक मोठा श्वास सोडायचे आणि निघून जायचे. परीक्षा घेणारा माणूस असा श्वास सोडत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे यायच्या आधी ते एका वीजघरात होते. तिथे पाण्याच्या अंगणाएवढ्या पाइपांचे व्हॉल्व्ह मोटरने उघडायचे, बंद करायचे. तिथे काहीतरी झालं होतं, एक माणूस गेला होता, म्हणून हा बुढा मशीनला भितो, अशी शेडमध्ये कुजबूज असायची. एकदा बसमध्ये मी धीर करून विचारलं. काकाजी उठले आणि बसचं दार नीट लागलंय का ते पाहून आले. परत येऊन दुसऱ्या सीटवर बसले.

मग ते प्रात्यक्षिक ठरलं. दुर्बीणवाले शास्त्रज्ञ मुंगळा पाहायला येणार होते. त्यांनी होकार दिला की आम्ही बनवलेले पाय डोंगरावर जाणार. मालकांचा मुलगा, आम्ही त्याला छोटे मालक म्हणायचो, बाहेर शिकून आलेला, मनाने वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागायचं. त्याने शेड रंगवून घेतली, फरशीवर पिवळे पट्टे मारले, मुंगळ्याला राखाडी रंग दिला. आणि मग त्याची नजर बाभळीच्या ठोकळ्यांवर गेली.

"काकाजी, प्लीज. एवढी भारी मशीन आणि तिच्याखाली जळाऊ लाकडं? पाहुण्यांना काय वाटेल? आपलाच आपल्या ब्रेकवर विश्वास नाही असं दिसेल."

"नाहीच हाये विश्वास," काकाजी म्हणाले.

"त्या दिवशी कोणी खाली जाणारच नाही ना पण. मग कशाला पाहिजेत?"

"जात नाही म्हनूनच जाते मानूस."

असं बराच वेळ चाललं. शेवटी छोटे मालकांचा आवाज चढला. "मला त्या दिवशी ही लाकडं दिसली नाही पाहिजेत. बस."

काकाजींनी विचारलं, "दिसली नाही पाहिजेत, एवढंच ना?"

"एवढंच. आणि तुम्ही कँटीनमध्ये बसा, आराम करा. पाहुण्यांसमोर ते 'आता तू पाह्य' नको."

काकाजी मान हलवून निघून गेले. भांडले नाहीत, हात पुसला नाही, काही नाही. मला त्या शांतपणाची भीती वाटली. संध्याकाळी बसमध्ये मी म्हटलं, "काकाजी, मनावर नका घेऊ." ते म्हणाले, "तू खाली जाशीन तं मले सांगून जाजो." मी हो म्हटलं. खाली जायचा प्रश्नच नव्हता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी बसमध्ये काकाजी नव्हते. त्यांच्या स्टॉपवर बस थांबली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, कोणी आलं नाही. आजारी पडले असतील, अपमान झाला म्हणून आले नसतील, असं आम्ही बोललो. पोचलो तर त्यांची जुनी स्कूटर शेडमागे उभी आणि काकाजी कँटीनमध्ये आलुबोंडा समोर ठेवून बसलेले. खात नव्हते. मला म्हणाले, "आज पोटात गोळा हाये." मी म्हटलं, माझ्याही. सगळ्यांच्याच होता त्या दिवशी.

पाहुणे आले. मुंगळा चालू केला. सहाही पाय लांब झाले, चौकट वर उचलली गेली, कलली, फिरली, परत मधल्या उंचीवर आली. पडद्यावरचे आकडे म्हणाल तिथे थांबत होते. पाहुणे माना डोलावत होते, छोटे मालक पाहुण्यांपेक्षा जास्त. आणि तेवढ्यात एका पायाचा आकडा पडद्यावरून गेला. खालची एक वायर सैल झाली होती. मुंगळा बंद करून वायर लावली असती तर पुन्हा चालू करताना सहाही पायांना आपापली जागा शोधावी लागली असती, त्यात बराच वेळ गेला असता. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. छोटे मालक माझ्या कानाशी आले. "चालूच राहू दे. वायरच तर खोचायची आहे. जा पटकन."

जाते मानूस. मी गेले. कँटीन शेडच्या दुसऱ्या टोकाला, सांगायला कुठे जाणार होते?

उताणी पडून मी आत सरकले. नव्या रंगाचा वास नाकात जात होता. वायर सापडली, खोचली, वरून कोणीतरी "आला, आकडा आला" म्हणालं. आणि वीज गेली.

बुटीबोरीत वीज जाते. त्यात नवल नाही. दिवे गेले, पंखे बंद पडले, शेडमध्ये एकदम शांत झालं आणि त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. घासल्याचा नाही, पडल्याचा नाही. तेल दिलेली गोष्ट फिरते तसा, अगदी मऊ. माझ्या डोक्यामागच्या बाजूला एक स्क्रू उलटा फिरत होता. मला कळलं काय होतंय. नीट कळलं. पण अंग हलेना. आई आठवली असं लोक सांगतात, मला कोणी आठवलं नाही. मला फक्त वरचा एक राखाडी नट मोठा मोठा होताना दिसत होता, आणि मी, जिने मुंगळा हलताना कधी पाहिला नव्हता, तो हलताना पाहत होते.

मग ठक्क झालं. लाकडाचा आवाज. त्यामागून कुरकुर, लाकूड दबताना करतं तशी. नट माझ्या कपाळाच्या वर येऊन थांबला होता. मी श्वास घेतला तर कुर्ता चौकटीखाली लोंबणाऱ्या वायरच्या पट्टीला लागला. श्वास सोडला तर सुटला. मी तसाच थोडा थोडा श्वास घेत पडून राहिले, आणि लाकूड कुरकुरत राहिलं.

सुखदेवने मला पाय धरून ओढून काढलं. नंतर मी पाहिलं ते असं. चौकट एका बाजूला कलली होती आणि तिचा तो कोपरा एका ठोकळ्यावर टेकला होता. बाभळीचाच ठोकळा, पण राखाडी रंगवलेला. तिन्ही कोपऱ्यांखाली तसेच होते, पायांच्या आडोशाला, मुंगळ्याच्या रंगाचे. दिसली नाही पाहिजेत म्हटलं होतं ना, दिसली नव्हती. कोणालाच नाही.

छोटे मालक पांढरेफटक पडले होते. ते खाली वाकून ज्या पायाने दगा दिला तो पाय पाहत होते. त्याच्या ब्रेकचा दांडा वर होता. उघडा. त्यांनी वळून सुखदेवकडे पाहिलं. काल त्या पायावर शेवटचं काम सुखदेवने केलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. "हे काय आहे?" ते म्हणाले, आणि मग पाहुण्यांसमोरच त्याला नको नको ते बोलायला लागले. सुखदेव माझा पाय अजून हातात धरून होता.  त्याच्या घरी दोन पोरी, एक बारावीत. त्याने काल दांडा पाडला होता हे तो शपथेवर सांगू शकला असता, पण ऐकणार कोण होतं?

काकाजी कँटीनकडून धावत आले. शेडमध्ये धावायचं नाही असा त्यांचाच नियम होता. त्यांनी आधी मला पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग ठोकळा पाहिला. सगळे त्यांच्याकडे देवाकडे पाहावं तसे पाहत होते, कोणीतरी म्हणालंसुद्धा, "काकाजी, तुमच्यामुळे वाचली पोरगी." ते सरळ त्या पायापाशी गेले. उघड्या दांड्याकडे पाहिलं. आणि उजवा हात त्यावर ठेवला.

"त्याले काहून बोलता? हा माह्या हातानं उघडा राह्यला. सकाळी."

झालं होतं असं. ते पहाटेच येऊन ठोकळे लावत होते. मुंगळा आदल्या दिवशी एका अंगाला झुकलेला सोडला होता, म्हणून तिसरा ठोकळा कोपऱ्याखाली शिरेना. वीज बंद होती. मग त्यांनी त्या पायाच्या ब्रेकचा दांडा उघडला, हाताने कोपरा वर घेतला आणि ठोकळा सारला. वजन ठोकळ्यावर टेकलं, पाय गच्च उभा राहिला, जुन्या स्क्रूचा राहतो तसा. हाताला वाटलं, झालं. दांडा पाडायचा राहिला. चोरून आले होते, शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. 'आता तू पाह्य' म्हणायला माणूसच नव्हता.

म्हणजे मला वाचवलं काकाजींच्या ठोकळ्याने, आणि मारायला निघाला होता तो ठोकळा लावणारा काकाजींचा हात. हे मला अजून नीट पचलेलं नाही. ते गप्प बसले असते तर त्या दिवशी त्यांचा सत्कार झाला असता आणि सुखदेव घरी गेला असता. घरी काकाजी गेले. कोणी काढलं नाही, स्वतःच गेले.

त्या संध्याकाळी मात्र ते माझ्यासोबत बसने आले. स्कूटर शेडमागेच राहू दिली. म्हणाले, "आज माह्या हातात हँडल नको." नंदनवनात मीही त्यांच्याच स्टॉपवर उतरले. तिथल्या कट्ट्यावर दोघं बसलो. ते बसायच्या आधी वर पाहायला विसरले.

"तुले वाटे मी मशीनले भेतो," ते म्हणाले. "सारेच म्हनत. मशीनले काय भेयाचं? ते काही विसरत नाही. वीजघरात माह्या दोस्त पाइपात उतरला होता. व्हॉल्व्ह मी बंद केला. मीच पाह्यला. मीच म्हनलं, जा गा, उतर." मग म्हणाले, "तो उघडा होता वं."

"मग तुमी पाह्यला म्हनता ते?"

"मले वाटलं मी पाह्यला. मले आठोत होतं ते कालचं पाह्यलेलं. आजचं पाह्यलंच नव्हतं. रोज रोज पाह्यलं का सारे दिवस एकसारखे होऊन जाते." त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "मले याचं भेव वाटते. दुसऱ्या कशाचं नाही."

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला भीती वाटली. त्यांची नाही. मी माझे हात ओढणीखाली घेतले.

काकाजी आता घरीच असतात. त्यांच्या जागेवर मी आहे. ठोकळे आता पिवळे आहेत, सगळ्यांना दिसतील असे. ते पहिल्यांदा छोटे मालकांनीच स्वतः उभं राहून रंगवून घेतले. उंची अजून सुखदेवच्या पोटावरच ठरते. नवीन पोट्टे मला हसतात, मी लिफ्टमध्ये बसत नाही म्हणून, आणि 'मी पाह्यलं, आता तू पाह्य' म्हटलं की एकमेकांकडे डोळे मिचकावतात. मिचकावू देत.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या सुमारास काकाजींचा फोन येतो. कशी आहेस वगैरे काही नाही. एकच विचारतात, "आज कोन खाली जाऊन राह्यलं?" मी नाव सांगते. "तू पाह्यलं?" मी म्हणते, पाह्यलं. "मंग आता दुसऱ्याले पाहाले लाव." आणि फोन ठेवतात.

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा सुखदेव खाली होता. "कोन खाली?" "सुखदेव." "तू पाह्यलं?" "पाह्यलं काकाजी." फोन ठेवला. सुखदेव खालून काहीतरी गाणं गुणगुणत होता. आणि मी आठवायला लागले. पहिला पाय, दांडा खाली. दुसरा, खाली. तिसऱ्याला हात लावून पाहिलं होतं, तेव्हा माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. हिरव्या बांगड्या मी काल घातल्या होत्या. आज माझे हात मोकळे होते.

मी सुखदेवला हाक मारली. आवाज कसा निघाला माहीत नाही, तो काही न विचारता सरपटत बाहेर आला. मग मी एकेका पायापाशी गेले, एकेका दांड्यावर हात ठेवला. सगळे खाली होते. सगळे बंद. काही झालं नव्हतं. पण मी काकाजींना पाह्यलं म्हणून सांगितलं होतं, आणि सांगताना मला ते खरं वाटत होतं.

"मी पाह्यलं," मी सुखदेवला म्हणाले. "आता तू पाह्य."

एरवी तो काहीतरी टोमणा मारतोच. त्या दिवशी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप पहिल्या पायापाशी गेला. तो पाहत होता तोवर मी बाजूला उभी राहून उजवा हात कुर्त्याला पुसत होते.